घरातल्या संगणकावरची गाळणी : एका निवडीचा इतिहास

मुलांनी घरच्या संगणकावर इंटरनेटवरचे काय पाहावे आणि काय पाहू नये हे ठरवणारी आज्ञावली, जिला व्यवहारात सगळे ‘फिल्टर’ म्हणतात, ती १९९५ च्या सुमारास उत्तर अमेरिकेच्या बाजारात आली आणि तेव्हापासून तिच्या बाजूने मुख्यतः एकच युक्तिवाद केला गेला : सरकारने बंदी घालण्यापेक्षा आईवडिलांनी निवड करावी. हा युक्तिवाद कंपन्यांनी जाहिरातींत वापरला, नागरी स्वातंत्र्याच्या पुरस्कर्त्यांनी न्यायालयात मांडला आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो दोनदा मान्य केला. मात्र या निवडीचा इतिहास बारकाईने पाहिला तर असे आढळते की पालकाच्या हाती जे आले ते बहुतेक वेळा दुसऱ्या कोणी केलेल्या आणि त्याला न दाखवलेल्या यादीचे केवळ चालू-बंद करण्याचे बटण होते. ही यादी आधी घरच्या संगणकाच्या डिस्कवर होती, पुढे ती इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत गेली आणि त्यानंतर मोबाइल बनवणाऱ्यांच्या हाती आली. प्रत्येक टप्प्यावर ती वापरायला सोपी झाली, आणि प्रत्येक टप्प्यावर घरातल्या माणसांपासून एक पाऊल दूर गेली.

१९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकी घरांतील संगणक ज्या सेवांना जोडलेले होते त्या अमेरिका ऑनलाइन, कॉम्प्युसर्व्ह किंवा प्रॉडिजी यांच्यासारख्या बंदिस्त सेवा होत्या, म्हणजे ग्राहकाला काय दिसेल हे बहुतांशी ती कंपनीच ठरवत असे. वेब खुली झाली आणि या सेवांनी आपल्या ग्राहकांना बाहेरच्या इंटरनेटवर जाण्याचा मार्ग दिला, तेव्हा हे कुंपण निरर्थक ठरले. बेपत्ता व शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतील राष्ट्रीय केंद्राने १९९४ मध्ये पत्रकार लॅरी मॅगिड यांच्याकडून पालकांसाठी एक पुस्तिका लिहून घेतली; संगणक मुलाच्या खोलीत न ठेवता घरातल्या सर्वांच्या वावराच्या खोलीत ठेवावा, हा पुढे जगभर रूढ झालेला सल्ला तीत होता. या सल्ल्याला पैसे पडत नव्हते आणि त्यासाठी कोणाची यादीही लागत नव्हती, ही गोष्ट पुढच्या तीस वर्षांच्या खटाटोपाकडे पाहताना विसरता कामा नये.

१९९५ च्या उन्हाळ्यात या प्रश्नाला राजकीय धार आली. नेब्रास्काचे सिनेटर जेम्स एक्सॉन यांनी अल्पवयीनांपर्यंत ‘असभ्य’ मजकूर पोहोचवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख डॉलरपर्यंत दंड सुचवणारी दुरुस्ती मांडली आणि सिनेटने जूनमध्ये ती ८४ विरुद्ध १६ मतांनी संमत केली. लगेच, ३ जुलैच्या अंकात, ‘टाइम’ साप्ताहिकाने संगणकावरील अश्लीलतेवर मुखपृष्ठ-लेख छापला. त्याचा आधार कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका पदवीपूर्व विद्यार्थ्याचा अभ्यास होता, आणि यूजनेट या चर्चागटांच्या जाळ्यावरील ८३.५ टक्के चित्रे अश्लील आहेत हा त्यातील आकडा सर्वत्र गाजला. व्हँडरबिल्ट विद्यापीठातील डोना हॉफमन आणि थॉमस नोव्हाक यांनी त्या अभ्यासाची पद्धतच सदोष असल्याचे दाखवून दिले आणि साप्ताहिकाला त्याच महिन्यात टीकाकारांची बाजू छापावी लागली. तरीही तोवर तो आकडा सिनेटमध्ये वाचला गेला होता आणि पालकांच्या मनात भीती घर करून बसली होती. फिल्टरचा बाजार या भीतीवर उभा राहिला. भीती पूर्णपणे निराधार होती असे मात्र म्हणता येणार नाही, कारण खुल्या वेबवर नको ते समोर येण्यासाठी मुलाने ते शोधलेच पाहिजे असे नव्हते.

पहिल्या पिढीच्या फिल्टरांपैकी ‘सर्फवॉच’ हा मे १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात आला. त्याचे कर्ते बिल डुवाल हे २९ ऑक्टोबर १९६९ रोजी इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरचा पहिला संदेश ज्या टोकाला पोहोचला, त्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकापाशी बसलेले अभियंते होते. जाळे जोडणाऱ्या पहिल्या हातांपैकीच एकाने ते गाळण्याचे काम हाती घ्यावे हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्याजोगा आहे. त्याच सुमारास कॅनडातील व्हँकुव्हरहून गॉर्डन रॉस यांचा ‘नेट नॅनी’, कॅलिफोर्नियातील सँटा बार्बरा येथील सॉलिड ओक कंपनीचा ‘सायबरसिटर’ आणि मॅसॅच्युसेट्समधील मायक्रोसिस्टिम्स कंपनीचा ‘सायबर पेट्रोल’ हे फिल्टर बाजारात आले.

या सर्वांच्या मुळाशी तीन पद्धती होत्या, आणि आजचे फिल्टरही त्यांचेच विस्तार आहेत. पहिली निषिद्ध-यादीची : कंपनीचे कर्मचारी संकेतस्थळे पाहून त्यांचे पत्ते वर्गवारीनुसार यादीत घालत आणि यादीतला पत्ता मुलाने मागितला की संगणक तो उघडत नसे. दुसरी शब्दांची : पानावर किंवा पत्त्यात ठरावीक शब्द सापडला की ते पान अडवले जाई किंवा तो शब्द गाळून उरलेले पान दाखवले जाई. तिसरी अनुमत-यादीची : जे आधी तपासून मान्य केले आहे तेवढेच उघडेल, बाकी सारे जग बंद. सायबर पेट्रोलमध्ये निषिद्ध आणि अनुमत अशा दोन्ही याद्या होत्या आणि निषिद्ध यादीतील बारा वर्गांपैकी कोणते लागू करायचे हे पालकाला ठरवता येई. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी तिसरी पद्धत पुरेशी आणि प्रामाणिक होती, कारण तिच्यात काय उघडेल हे पालकाला आधी कळत असे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला मात्र शाळेच्या अभ्यासासाठीही ती अपुरी पडे आणि मग घर पहिल्या दोन पद्धतींकडे वळे.

शब्दांच्या पद्धतीतील उणीव लवकरच उघडी पडली. १९९५ च्या अखेरीस अमेरिका ऑनलाइनने ‘स्तन’ या अर्थाचा इंग्रजी शब्द निषिद्ध ठरवला तेव्हा स्तनांच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या स्त्रियांना आपला आजार कोणत्या शब्दांत सांगावा हेच कळेना, आणि तक्रारींनंतर कंपनीला माघार घ्यावी लागली. १९९६ मध्ये इंग्लंडमधील स्कंथॉर्प गावच्या रहिवाशांना त्याच सेवेत नावनोंदणी करता येईना, कारण त्या गावाच्या नावातील चार अक्षरे एकत्र वाचली तर शिवी होते. अशा चुकीला संगणकक्षेत्रात आजही त्या गावाचेच नाव आहे. सायबरसिटरची शब्द गाळण्याची रीत तर अर्थालाच हात घालणारी होती : अध्यक्ष क्लिंटन यांचा समलिंगी विवाहांना विरोध आहे, अशा आशयाच्या वाक्यातून ‘समलिंगी’ एवढा शब्द काढून टाकल्यावर अध्यक्षांचा विवाहालाच विरोध आहे असे वाक्य मुलाच्या पडद्यावर उरत असे. पान अडवले गेले तर काहीतरी अडवले आहे एवढे तरी मुलाला समजते. शब्द परस्पर वगळला तर जे दिसते तेच खरे असे त्याला वाटते, म्हणून ही दुसरी रीत कितीतरी अधिक घातक मानली पाहिजे.

यादीच्या पद्धतीतली उणीव वेगळी होती, कारण ती दिसतच नव्हती. कंपन्यांनी आपल्या याद्या कूटबद्ध करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा रूपात, विकल्या. स्पर्धकाने श्रम चोरू नयेत आणि मुलांच्या हाती निषिद्ध पत्त्यांची आयती सूची लागू नये, ही त्यामागची दोन कारणे सांगितली जात, आणि दोन्हींत काही तथ्य होते. परंतु १९९६ मध्ये ब्रॉक मीक्स आणि डेक्लन मॅक्कुला या पत्रकारांनी अशा काही याद्यांच्या आत डोकावून पाहिले तेव्हा अश्लील संकेतस्थळांच्या जोडीला स्त्रीहक्क, समलिंगी व्यक्तींचे हक्क आणि राजकीय मतप्रदर्शन यांची स्थळेही अडवलेली आढळली. सायबरसिटरने अमेरिकेतील स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेचे संकेतस्थळ बंद ठेवले होते. त्याच वर्षी बेनेट हॅझल्टन या विद्यार्थ्याने तरुणांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी ‘पीसफायर’ हा गट स्थापन करून या त्रुटी जाहीर करायला सुरुवात केली, तर सायबरसिटरने पीसफायरलाच यादीत टाकले. टीका करणाऱ्याला त्याच साधनाने गप्प करता येते, आणि ज्या घरात ते साधन बसवले आहे तेथील पालकाला त्याचा पत्ताही लागत नाही, हे या प्रकरणातून प्रथम स्पष्ट झाले.

हा वाद पुढे कायद्याच्या दारात गेला. मार्च २००० मध्ये एका स्वीडिश आणि एका कॅनेडियन प्रोग्रॅमरने सायबर पेट्रोलच्या यादीचे कुलूप उघडून ती कशी वाचता येते हे प्रसिद्ध केले. तोपर्यंत हा फिल्टर कंपन्यांच्या खरेदी-विक्रीतून खेळणी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीच्या मालकीचा झाला होता, आणि मॅटेलने बोस्टनमध्ये दावा लावून त्या लिखाणाचा प्रसार रोखला. मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने स्वामित्वहक्काच्या कायद्यातील कुलूपबंदीला जे अगदी मोजके अपवाद मान्य केले, त्यांत फिल्टरांनी अडवलेल्या संकेतस्थळांच्या याद्यांचा समावेश होता. विकत घेतलेल्या यादीत काय आहे हे पाहण्याचा ग्राहकाचा अधिकार सार्वजनिक संस्थेने उघडपणे मान्य केल्याचा हा दुर्मीळ प्रसंग आहे. हा अपवाद २००३ मध्ये पुन्हा दिला गेला. २००६ मध्ये त्याच्या बाजूने पुरेसा पुरावा पुढे न आल्याने तो संपला.

याच काळात फिल्टरला राज्यघटनेच्या पातळीवर मान मिळत होता. एक्सॉन यांची दुरुस्ती ८ फेब्रुवारी १९९६ रोजी दूरसंचार कायद्याचा भाग म्हणून लागू झाली आणि अमेरिकेतील नागरी स्वातंत्र्य संघटनेने तिला तत्काळ आव्हान दिले. फिलाडेल्फियातील न्यायालयात सर्फवॉचच्या प्रमुख ॲन डुवाल यांनी फिल्टर कसा चालतो याबद्दल साक्ष दिली. २६ जून १९९७ रोजी न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने असा निर्णय दिला की मुलांना वाचवण्यासाठी प्रौढांच्या बोलण्यावर गदा आणता येणार नाही, विशेषतः पालकांना वापरता येण्याजोगे बऱ्यापैकी परिणामकारक उपाय लवकरच उपलब्ध होणार असताना. त्याच कायद्यातील जो भाग वाचला, त्या पुढे अतिशय गाजलेल्या २३० व्या कलमाने फिल्टर बनवणाऱ्यांना आणि पुरवणाऱ्यांना मजकूर अडवल्याबद्दलच्या दाव्यांपासून संरक्षण दिले. चुकीने अडवल्या गेलेल्याला दाद मागण्याची वाट त्यामुळे जवळजवळ बंद झाली.

सरकारी बंदी आणि खासगी गुप्त यादी या दोहोंना पर्याय म्हणून एक तिसरी वाट सुचवली गेली आणि ती या साऱ्या इतिहासातील सर्वांत विचारपूर्वक आखलेली वाट होती. वेबची मानके ठरवणाऱ्या जागतिक संघटनेने १९९५-९६ मध्ये ‘पिक्स’ नावाची पद्धत तयार केली; पॉल रेझनिक आणि जेम्स मिलर हे तिचे प्रमुख शिल्पकार होते. तिच्यानुसार प्रत्येक पानाला त्याच्या स्वरूपाची चिठ्ठी लावायची, ती चिठ्ठी स्थळाचा मालक किंवा दुसरी कोणतीही संस्था लावू शकेल, आणि कोणाची चिठ्ठी मानायची व कोणत्या पातळीपर्यंतचे पान उघडू द्यायचे हे पालक ठरवील. म्हणजे एखाद्या कुटुंबाला आपल्या धर्मसंस्थेची, शिक्षक-संघटनेची किंवा ग्रंथपालांची पारख निवडता आली असती. संगणकखेळांच्या वर्गवारीसाठी १९९४ मध्ये स्थापन झालेल्या मंडळाने या पद्धतीला धरून भाषा, नग्नता, लैंगिकता आणि हिंसा या चार बाबींसाठी शून्य ते चार अशी मापे बांधली आणि मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट १९९६ मध्ये आलेल्या आपल्या इंटरनेट एक्सप्लोरर ३ या ब्राउझरमध्ये त्यांची सोय केली.

ही योजना फसली, आणि तिच्या अपयशाचे कारण तंत्रात नसून श्रमांच्या वाटणीत होते. बहुसंख्य संकेतस्थळांच्या मालकांनी चिठ्ठ्या लावल्याच नाहीत. वृत्तप्रकाशकांनी तर युद्धाच्या बातमीला हिंसेची चिठ्ठी लावणे साफ नाकारले. परिणामी चिठ्ठी नसलेली पाने बंद ठेवावीत तर जवळजवळ सारी वेब बंद होई, आणि ती उघडी ठेवावीत तर फिल्टर असून नसल्यासारखा होई. दुसऱ्या बाजूने कायदेतज्ज्ञ लॉरेन्स लेसिग यांनी इशारा दिला की वेबच्या रचनेतच बसवलेली अशी चिठ्ठी पालकाइतकीच एखाद्या हुकूमशाही सरकारच्याही कामाची ठरेल. हा इशारा योग्य होता. तरीही पालकाला पारखी निवडण्याचे स्वातंत्र्य देणारी ही एकमेव व्यवस्था मरण पावली याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही, कारण तिच्यानंतर आलेल्या व्यवस्थांनी सरकारांना रोखले नाहीच आणि पालकाची निवडही आणखी अरुंद केली.

अमेरिकेतील पुढचा कायदेशीर प्रवास थोडक्यात सांगता येतो. २००० च्या डिसेंबरमध्ये संमत झालेल्या कायद्याने संघराज्याच्या अनुदानातून इंटरनेट घेणाऱ्या शाळा व ग्रंथालयांना फिल्टर सक्तीचा केला आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती वैध ठरवली. घरासाठी मात्र न्यायालय निवडीच्या बाजूने राहिले : व्यापारी संकेतस्थळांवर वयाच्या तपासणीचा भार टाकणारा १९९८ चा कायदा २९ जून २००४ रोजी न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांच्या निकालाने रोखून धरला गेला, आणि घरचा फिल्टर परदेशी स्थळेही अडवतो, ते कायद्याला जमत नाही, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण होते. दरम्यान २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या डिक थॉर्नबर्ग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आपल्या अहवालात पोहण्याच्या तलावाचा दाखला दिला : तलावाला कुंपण आणि कुलूप असावेच, परंतु मुलाच्या जिवाची खरी हमी त्याला पोहायला शिकवण्यात आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न घरातून आला नाही. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोजक्या महानगरांत सामान्य ग्राहकांना इंटरनेट खुले केले, परंतु संगणक, मॉडेम, फोनचे बिल आणि जोडणीचे शुल्क हा सगळा खर्च फार थोड्या कुटुंबांना परवडणारा होता, आणि बहुतेक मुलांची इंटरनेटशी पहिली ओळख सायबर कॅफेत झाली. तेथील लाकडी आडोशांच्या खोक्यांत शाळकरी मुले काय पाहतात, हा चिंतेचा विषय २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि न्यायालयाने अल्पवयीनांना इंटरनेटवरील अश्लील मजकुरापासून कसे वाचवावे हे सुचवण्यासाठी समिती नेमली. समितीने २००२ मध्ये दिलेल्या अहवालात इतर सूचनांबरोबर अल्पवयीनांना आडोशातले नव्हे तर मोकळ्या जागेतले संगणक द्यावेत आणि त्यांवर फिल्टर असावा, असे सांगितले. केंद्र सरकारच्या २०११ च्या सायबर कॅफे नियमांत आडोशाची उंची साडेचार फुटांपुरती मर्यादित झाली आणि फिल्टरचा उल्लेखही आला. मॅगिड यांच्या पुस्तिकेतील सर्वांच्या नजरेसमोरचा संगणक इथे दुकानापुरता सक्तीचा झाला. ज्या घरांत संगणक आला त्यांत तो बहुधा हॉलमध्येच ठेवला जाई, कारण दोन खोल्यांच्या घरात त्याला दुसरी जागाच नसे.

मराठी घरांना बाजारातल्या परदेशी फिल्टरांचा उपयोग मुळातच मर्यादित होता, आणि ही बाब फारशी चर्चिली गेलेली नाही. त्यांच्या निषिद्ध शब्दांचे कोश इंग्रजी होते. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संकेतप्रणाली रूढ होण्यापूर्वी मराठी संकेतस्थळे आपापले स्वतंत्र फॉन्ट वापरत, म्हणजे पडद्यावर देवनागरी दिसली तरी संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची असंबद्ध मालिका असे. अशा मजकुरातून शब्दांचा फिल्टर मराठी शिवी ओळखू शकत नव्हता आणि निर्दोष शब्द चुकून अडवणार नाही याचीही खात्री नव्हती. युनिकोडनंतरही रोमन लिपीत लिहिलेली मराठी ही अडचण कायम राहिली. मराठी पालकाने पैसे मोजून घेतलेला फिल्टर म्हणजे अमेरिकी समाजाने काय लपवावे याबद्दलची एक अमेरिकी समजूत होती.

इतर देशांत सरकारे या निवडीत उतरू लागली. ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २००७ मध्ये प्रत्येक कुटुंबाला फिल्टर मोफत देण्याची योजना जाहीर केली आणि ती येताच मेलबर्नच्या एका सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने सुमारे अर्ध्या तासात तो चुकवून दाखवला; २००८ अखेर योजना गुंडाळली गेली. चीनने १ जुलै २००९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संगणकावर ‘ग्रीन डॅम’ हा फिल्टर बसवण्याचे फर्मान काढले. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांना त्यात गंभीर सुरक्षादोष, राजकीय शब्दांची यादी आणि सायबरसिटरच्या याद्यांशी जुळणाऱ्या फायली सापडल्या, आणि अंमलबजावणी आदल्या दिवशी पुढे ढकलली गेली. कॅलिफोर्नियातील पालकांसाठी केलेले साधन दुसऱ्या देशात राज्यसत्तेच्या कामी कसे येते याचे हे उदाहरण लेसिग यांच्या इशाऱ्यानंतर बारा वर्षांनी घडले.

ब्रिटनचा अनुभव मात्र सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण तेथे निवड हाच धोरणाचा मुख्य शब्द होता. २०११ मध्ये रेग बेली यांच्या अहवालाने सुचवले की इंटरनेट जोडणी घेतानाच ग्राहकाला फिल्टर हवा की नको हे विचारले जावे. त्याच वर्षी टॉकटॉक कंपनीने घरातील एकेका संगणकाऐवजी थेट आपल्या जाळ्यातच फिल्टर बसवला. २२ जुलै २०१३ रोजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी जाहीर केले की चारही मोठ्या पुरवठादार कंपन्या नव्या ग्राहकांपुढे हा प्रश्न टाळता येणार नाही अशा रीतीने ठेवतील आणि फिल्टरच्या चौकटीत खूण आधीच केलेली असेल. म्हणजे ग्राहकाने काहीच केले नाही तर फिल्टर सुरू होणार होता. यात घरातील मोबाइल, टॅब्लेट आणि खेळयंत्रे एकदम गाळली जात, आणि तांत्रिक माहिती नसलेल्या पालकाला ही मोठीच सोय होती.

परंतु त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये बीबीसीच्या पत्रकारांनी तपासणी केली तेव्हा लैंगिक शिक्षण देणारे ब्रिटिश संकेतस्थळ आणि एडिनबर्गमधील बलात्कारपीडित स्त्रियांना आधार देणारे केंद्रही टॉकटॉकच्या फिल्टरमागे अडकलेले आढळले. ज्या मुलीवर घरातच अत्याचार होत असेल तिला मदतीचा पत्ता शोधताना कोरी सूचना दिसावी, आणि फिल्टर सुरू ठेवण्याचा अधिकार घरातल्या ज्या प्रौढाकडे आहे तोच कदाचित अत्याचारी असावा, ही शक्यता धोरण आखणाऱ्यांनी गंभीरपणे घेतली नव्हती, आणि या संपूर्ण इतिहासातील हा सर्वांत अक्षम्य दोष होय. ओपन राइट्स ग्रुप या संस्थेने २०१४ मध्ये एक लाख लोकप्रिय संकेतस्थळे तपासली तेव्हा जवळपास एकपंचमांश स्थळे कोणत्या ना कोणत्या पुरवठादाराच्या फिल्टरमध्ये अडत होती. टॉकटॉकची प्रणाली चीनच्या ह्वावे कंपनीने पुरवलेली होती हेही ग्राहकांना वृत्तमाध्यमांतून कळले.

लोकांनी काय निवडले, याचे उत्तर नियामक संस्था ऑफकॉमने जुलै २०१४ मध्ये दिले : नव्या ग्राहकांपैकी व्हर्जिनकडे ४ टक्के, बीटीकडे ५, स्कायकडे ८ आणि टॉकटॉककडे ३६ टक्के लोकांनी फिल्टर घेतला होता. या आकड्यांवरून पालक बेफिकीर आहेत असा निष्कर्ष काढला गेला, तो उतावळा होता. नव्या जोडण्या घेणाऱ्या अनेक घरांत मुलेच नव्हती, आणि काही घरांनी मुलांशी बोलण्याचा मार्ग पत्करलेला असणार. फिल्टर बसवल्याने खरोखर किती फरक पडतो हे ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटच्या अँड्र्यू शिबिल्स्की आणि व्हिक्टोरिया नॅश यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात तपासले. एका किशोराला लैंगिक मजकुरापासून वाचवण्यासाठी किमान १७ आणि कमाल ७७ घरांत फिल्टर असावा लागेल असा त्यांचा अंदाज होता, आणि मुलाच्या नजरेस असा मजकूर पडतो की नाही यातील ९९.५ टक्क्यांहून अधिक भाग फिल्टरखेरीज इतर कारणांवर अवलंबून होता.

तंत्रही मध्यंतरी पालटले. वेबवरील देवाणघेवाण कूटबद्ध होत गेली तसा मधल्या यंत्रणेला पानावरचा मजकूर वाचता येईना, आणि शब्दांचा फिल्टर निकामी होत गेला. उरली ती डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेची पातळी : घरच्या राउटरमध्ये ओपनडीएनएससारख्या सेवेचा पत्ता घातला की निषिद्ध नावांचे उत्तरच मिळत नाही. ही रीत स्वस्त आणि बसवायला सोपी आहे, परंतु ती पूर्ण स्थळच बंद करू शकते, त्यातले एखादे पान नव्हे. १ एप्रिल २०२० रोजी क्लाउडफ्लेअरने कुटुंबांसाठी अशी सेवा सुरू केली तेव्हा पहिल्याच दिवशी समलिंगी समुदायाची माहितीपर स्थळेही अडली आणि कंपनीने चूक मान्य करून ती दुरुस्त केली. चोवीस वर्षांपूर्वीच्या यादीतला दोष नव्या तंत्रात जसाच्या तसा उतरला होता; फरक एवढाच की या वेळी दुरुस्तीला तासांचा अवधी लागला.

आज मुलाच्या हाती घरचा संगणक कमी आणि मोबाइल अधिक असतो, आणि गाळणीची सूत्रे गुगलच्या २०१७ च्या ‘फॅमिली लिंक’कडे व ॲपलच्या २०१८ च्या ‘स्क्रीन टाइम’कडे गेली आहेत. त्यानंतर लवकरच ॲपलने पालक-नियंत्रणाची अनेक स्वतंत्र ॲप्स आपल्या दुकानातून काढून टाकली. त्यासाठी कंपनीने खासगीपणाचे कारण दिले. ते कारण अगदीच पोकळ नव्हते, कारण पालकांना विकलेल्या एका आज्ञावलीतून मुलांचे संभाषण गोळा करून ते बाजारपेठ-संशोधनासाठी पुरवल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१० मध्ये एकोमेट्रिक्स कंपनीवर कारवाई केली होती. राखण करणाराच नोंदी ठेवणारा असतो, ही गोष्ट फिल्टर निवडताना सर्वांत शेवटी विचारात घेतली जाते आणि ती सर्वांत आधी विचारात घेतली जायला हवी.

आता निवडीचा मूळ युक्तिवादही मागे पडत आहे. २७ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्ससमधील वय-पडताळणीचा कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरवला, आणि २००४ चा विचार स्मार्टफोनपूर्व काळातला असल्याचे सूचित केले. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून, तर ऑस्ट्रेलियात समाजमाध्यमांसाठी डिसेंबर २०२५ पासून वयाची अट संकेतस्थळांवरच आली. भारतात २०१५ मध्ये ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश निघाला होता, ज्याच्या यादीत विनोदी मजकुराचे स्थळही सापडले आणि चार-पाच दिवसांतच तो सैल करावा लागला. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकाची पडताळणीयोग्य संमती आवश्यक केली असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. पालकाची संमती कशी तपासावी हे त्या नियमांत सांगितले आहे; मुलाच्या पडद्यावरून काय आणि कोणत्या कारणाने काढून टाकले गेले हे पालकाला कळवण्याची तरतूद त्यांत नाही.